क्षयाचे गाव कोणते?

गेल्या उन्हाळ्यात माझ्या भाचीला लेस्टरच्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला. मिठाई वाटून झाली, मामू म्हणून माझ्याकडून एक घड्याळ वसूल करून झाले आणि मग व्हिसाच्या कागदांची यादी आली. त्यात एक ओळ होती : ठरवून दिलेल्या दवाखान्यात छातीचा एक्स-रे काढून टीबी नसल्याचा दाखला आणणे. टीबीचे प्रमाण जास्त असलेल्या देशांतून सहा महिन्यांहून अधिक काळासाठी येणाऱ्यांना ब्रिटनने २०१२ पासून टप्प्याटप्प्याने हा दाखला सक्तीचा केला आहे. भारत अर्थातच त्या यादीत आहे.

बहिणीला ती ओळ लागली. "आमची पोर काय रोग घेऊन चाललीय त्यांच्याकडे?" असे ती दोनदा म्हणाली. मी तिची समजूत काढत होतो, तेवढ्यात मेहुण्यांनी त्यांच्या इमारतीचा विषय काढला. कुर्ल्यात त्यांच्या तळमजल्यावर बॅगा शिवणारी आठ-दहा बिहारी पोरे एका गाळ्यात राहतात. त्यांतल्या एकाला टीबी निघाला होता. "हे लोक मुलुकाहून आजार आणतात आणि भोगायचं आम्ही," मेहुणे म्हणाले.

दोन्ही वाक्ये एकाच खोलीत, पाच मिनिटांच्या अंतराने बोलली गेली. ती दोन नसून एकच वाक्य आहे, हे कुणाच्या ध्यानात आले नाही. माझ्याही नाही. परतताना लोकलमध्ये आले, आणि तेव्हापासून या विषयावर लिहायचे मनात होते.

आधी आकडे बघू. ते खरे आहेत आणि लपवण्यात काही अर्थ नाही. २०२४ मध्ये इंग्लंडमध्ये टीबीचे ५,४८० रुग्ण नोंदले गेले. आदल्या वर्षापेक्षा सुमारे १३ टक्क्यांनी जास्त. त्यांत शंभरातले ८२ जण ब्रिटनबाहेर जन्मलेले होते. जन्मदेशांच्या यादीत भारत सर्वांत वर आणि त्याखाली पाकिस्तान. २०११ मध्ये तिथे आठ हजारांहून अधिक रुग्ण होते, ते उतरत २०२० मध्ये चार हजारांच्या थोडे वर आले होते. आता आलेख पुन्हा चढतो आहे. अमेरिकेतही २०२३ मध्ये दर चार रुग्णांतले तीन परदेशात जन्मलेले होते.

आपल्यातले काही पुरोगामी मित्र म्हणतात की असले आकडे बोलूच नयेत, द्वेष करणाऱ्यांच्या हाती कोलीत मिळते. मला हे पटत नाही. आकडा झाकला की ज्या वस्तीत रोग आहे तिथे ना पैसा पोहोचतो ना डॉक्टर. नुकसान आपल्याच माणसांचे होते. कोलीत आकड्याने मिळत नाही, तो अर्धवट वाचल्याने मिळते. म्हणून तो पुरता वाचायला हवा.

अमेरिकेचेच उदाहरण घ्या. १९९३ मध्ये तिथे सुमारे २५ हजार रुग्ण होते आणि त्यांत परदेशात जन्मलेल्यांचा वाटा ३० टक्क्यांच्या आसपास होता, म्हणजे सात हजारांहून थोडे जास्त. २०१९ मध्ये एकूण रुग्ण ८,९०० च्या घरात, परदेशी जन्मलेल्यांचा वाटा ७१ टक्के. ऐकणारा म्हणेल, बघा, तीसाचे एकाहत्तर झाले, बाहेरून रोग ओतला जातोय. आता हिशेब करा. ८,९०० चे ७१ टक्के म्हणजे सहा हजार तीनशे. वाटा दुपटीहून अधिक झाला, पण माणसे हजारभराने कमी झाली, आणि तीही अशा काळात, जेव्हा परदेशात जन्मलेल्यांची तिथली लोकसंख्या दुपटीच्या वर गेली. मग वाटा कशाने वाढला? तिथेच जन्मलेल्यांमधला टीबी सतरा हजारांवरून अडीच हजारांवर आला, म्हणून. ही आनंदाची बातमी होती. ती भीतीची बातमी म्हणून विकली गेली.

इंग्लंडमधल्या वाढीतही एक गोष्ट बातम्यांच्या मथळ्यात येत नाही. अलीकडची वाढ दोन्हींकडे आहे, तिथे जन्मलेल्यांतही. आणि तिथे जन्मलेल्या रुग्णांत बेघर, तुरुंगात राहून आलेले, दारूच्या आणि नशेच्या आहारी गेलेले यांचे प्रमाण अधिक दिसते. टीबी गोऱ्या माणसालाही त्याच्या खिशावरून ओळखतो.

पुढचा प्रश्न : बाहेरून आलेल्यांत टीबी जास्त का? याचे उत्तर रोगाच्या स्वभावात आहे. टीबीचा जंतू शरीरात शिरला म्हणजे टीबी झाला असे नव्हे. बहुतेकांमध्ये तो गप्प पडून राहतो, ना खोकला, ना ताप, ना दुसऱ्याला लागण. जगातल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या माणसांत तो असा पडून आहे. आपल्या देशात २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पंधरा वर्षांवरील लोकांपैकी ३१ टक्क्यांत ही लागण आढळली. म्हणजे हे वाचणाऱ्या तिघांपैकी एकात, आणि कदाचित लिहिणाऱ्यातही. लागण झालेल्यांपैकी पाच ते दहा टक्क्यांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष आजार होतो. जंतू जागा होतो तो शरीर खंगले की : उपासमार, मधुमेह, एचआयव्ही, तंबाखू, दारू, रात्रपाळी, कोंदट खोली, मनाला लागलेला घोर. भारतातून गेलेल्या माणसाला तिथे पाच-सात वर्षांनी टीबी होतो तो बहुधा लहानपणी इथे शिरलेला. विमानतळावरचा किंवा व्हिसाचा एक्स-रे त्याला पकडू शकत नाही, कारण त्या दिवशी छाती स्वच्छच असते. म्हणून तिथल्या आरोग्य खात्याने पुढे नव्याने आलेल्या तरुणांची रक्त तपासून झोपलेला जंतू शोधण्याचा आणि आधीच औषध देण्याचा कार्यक्रम हाती घेतला. हे शहाणपणाचे आहे. ज्याला वाटते की सीमा बंद केली की रोग बंद, त्याने एवढेच लक्षात घ्यावे की हा रोग सीमा ओलांडतो तेव्हा निजलेला असतो.

आणि बाहेरचे लोक आतल्यांना रोग देतात का? डेन्मार्कमध्ये हे अगदी बारकाईने तपासले गेले. १९९० च्या दशकात यादवीतून पळालेले सोमाली तिथे मोठ्या संख्येने आले. त्यांच्यात टीबी खूप होता आणि येऊन सात वर्षे झाली तरी तो फारसा उतरला नव्हता. मुसलमान, काळे, निर्वासित आणि वर टीबी. यापेक्षा सोयीचा आरोपी कुठे मिळणार? संशोधकांनी रुग्णांच्या जंतूंचे जनुकीय ठसे जुळवून पाहिले : कुणाचा जंतू कुणाकडे गेला. निष्कर्ष असा निघाला की सोमालींकडून डेन्मार्कच्या लोकांना झालेली लागण जवळजवळ नगण्य होती. बहुतेक सोमाली लागण घेऊनच आले होते आणि डेन्मार्कमधल्या लोकांचा टीबी त्यांच्या त्यांच्यातच फिरत होता.

रोग लादण्याची ही खोड जुनी आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या न्यूयॉर्कमध्ये टीबीला 'शिंप्यांचा रोग' आणि 'ज्यूंचा रोग' म्हणत, कारण कोंदट खोल्यांत कपडे शिवणारे ज्यू निर्वासित डोळ्यांत खुपत. प्रत्यक्षात ज्यूंमध्ये टीबीने मरण्याचे प्रमाण इतरांपेक्षा कमी होते. आणि ज्या इंग्लंड-वेल्समध्ये आज 'बाहेरच्यांचा रोग' म्हणतात, तिथे १९१३ या एकाच वर्षी १ लाख १७ हजार रुग्णांची नोंद झाली होती. ते रुग्ण कुठल्या मुलुकातून आले होते?

ब्रिटनबद्दल एक चांगले आणि एक वाईट सांगतो. चांगले असे की तिथे टीबीचा उपचार सर्वांना फुकट आहे, कागदपत्रे असोत वा नसोत. दयेपोटी नव्हे, तर विना-उपचार खोकणारा माणूस सर्वांनाच महाग पडतो या हिशेबाने. वाईट असे की २०१७ च्या सुरुवातीपासून तिथल्या आरोग्य सेवेकडची रुग्णांची पत्त्यासारखी माहिती गृहखात्याला देण्याचा करार लागू झाला होता. दवाखान्यात नाव सांगितले की दाराशी पोलिस, ही भीती पसरली. डॉक्टरांनी आणि संसदेच्या समितीने विरोध केला आणि २०१८ मध्ये तो करार मागे घ्यावा लागला. फुकट औषध आणि भीती एका खिडकीत ठेवली की माणूस खिडकीकडे जातच नाही.

आता कुर्ल्याच्या गाळ्याकडे येऊ.

मुंबईत 'नेटिव्ह' हा शब्द गमतीने उलटा फिरतो. इथे नेटिव्ह म्हणजे इथला नव्हे, तर जिथून आलो ते गाव. "तुमचं नेटिव्ह कुठलं?" हा प्रश्न मेहुण्यांनाही विचारला जातो. त्यांचे आणि माझे नेटिव्ह रत्नागिरी जिल्ह्यातले, खाडीकाठचे. माझ्या नानीच्या तोंडी या रोगाला दोन नावे होती : घरात बोलताना 'दिक' आणि शेजारणींत 'राजरोग'. तिचा थोरला भाऊ मुंबईला गोदीत होता. खोकत गावी आला आणि पावसाळ्याच्या आत गेला. नानी म्हणायची, त्याला मुंबई लागली. एखाद्याला परगावचे पाणी लागावे तशी. त्या काळी कोकणातल्या घराघरांत हे ऐकू येई, हिंदू-मुसलमान दोन्ही घरांत. रोग गावाहून मुंबईला जात नव्हता, मुंबईहून गावी येत होता. १९२० मध्ये आर्थर लँकेस्टर या डॉक्टरांनी भारतातल्या क्षयावर मोठे पुस्तक लिहिले, त्यातही गिरण्यांच्या शहरांतून आजारी होऊन खेड्यात परतणारा मजूर आहे. त्या चाकरमान्याची नातवंडे आज बिहारच्या पोराला म्हणतात की रोग तू आणलास.

दोन वर्षांपूर्वी गोवंडीत आमच्या शनिवारच्या मदत केंद्रावर एक पोरगा आला होता. वय एकोणीस-वीस, जरीकाम करणारा. जरीच्या कारखान्यात ज्यांनी पाऊल टाकले नसेल त्यांच्यासाठी सांगतो : माळ्यावरची एक खोली, मध्ये लाकडी अड्डे ताणलेले, दोन्ही बाजूंना मांडी घालून कारागीर. कापड आणि जर मळू नये, उडू नये म्हणून खिडकी बंद. रात्री अड्डे भिंतीला लावायचे आणि त्याच जमिनीवर झोपायचे. दहा-बारा जण, एक पंखा. हा पोरगा गावाहून आला तेव्हा धडधाकट होता, हे त्याच्यासोबत आलेल्या चाचांनी शपथेवर सांगितले. तीन वर्षांनी खोकला सुरू झाला. तीन महिने मेडिकलमधून सिरप आणून प्यायला. मग सरकारी दवाखान्यात टीबी निघाला, गोळ्या सुरू झाल्या, पाच-सहा आठवड्यांत बरे वाटू लागले. तेवढ्यात मालकाने तिकीट काढून दिले. मुलुकला जा, आराम कर. मालकही वाईट माणूस नव्हता, त्याला उरलेल्या अकरांची काळजी होती. गावात गोळ्या कुठे मिळतात हे कुणी सांगितले नव्हते, कागद कुणी दिला नव्हता. चार महिन्यांनी तो परत आला तेव्हा वजन सदतीस किलो. इथल्या एका दवाखान्यात त्याला सांगितले गेले की तुझे आधार बिहारचे, उपचार तिथेच घे. नियम तसा नाही. निक्षय या सरकारी नोंदणीत रुग्णाचा क्रमांक देशभर चालतो आणि त्याची नोंद एका जिल्ह्यातून दुसऱ्यात पाठवता येते. आम्ही भांडून उपचार सुरू करवले. तोवर नेहमीच्या औषधांना दाद न देणारा टीबी झाला होता. तो वाचला नाही.

त्याला रोग कुणी दिला, त्याने कुणाला दिला, हे प्रश्न मला त्या दिवसापासून फिजूल वाटतात. मुंबईत दरवर्षी पन्नास-साठ हजार टीबी रुग्ण नोंदले जातात. या शहरात आलेला माणूस रोग घेऊन येतो की इथे कमावतो, याचे खरे उत्तर मानखुर्दच्या इमारती देतात. रस्ते आणि रेल्वे प्रकल्पांत घर गेलेल्या मुंबईकरांना लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी अशा वसाहतींत हलवले गेले. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने आयआयटी मुंबईच्या साथीने तिथे पाहणी केली. लल्लूभाई आणि नटवर पारेखमध्ये दोन इमारतींतले अंतर जेमतेम तीन मीटर. खालच्या मजल्यांना ऊन नाही, वारा नाही. तिथे टीबीचे प्रमाण मोकळ्या बांधणीच्या पीएमजीपीपेक्षा कितीतरी पट अधिक निघाले. शहर तेच, माणसे तशीच गरीब, फरक उजेड आणि हवेचा. आता यात परप्रांतीय शोधा.

दुसरा फरक ताटातला. २०२३ मध्ये झारखंडमधल्या एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांनी २,८०० टीबी रुग्णांच्या घरांतल्या दहा हजारांहून अधिक माणसांवर तो केला होता. निम्म्या घरांतल्या माणसांना जादा तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. त्या घरांत नव्याने टीबी होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. तांदूळ आणि डाळ! कुठलीही नवी लस नाही. आपल्या कारागिराचे रेशन कार्ड बहुधा गावच्या घरात टांगलेले असते. 'एक देश एक रेशन कार्ड' योजनेत इथल्या दुकानातून धान्य घेता येते, पण गावच्या कुटुंबाचा वाटा कमी होईल या भीतीने किंवा माहितीअभावी घेतले जात नाही. रुग्णाला पोषणासाठी महिना ५०० रुपये मिळत, ते नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. ज्याचे बँक खाते मालकाच्या ओळखीशिवाय उघडत नाही त्याला ते किती मिळतात, हे विचारायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने भारतातील टीबीचे प्रमाण २०१५ मध्ये लाखामागे २३७ होते, ते २०२४ मध्ये १८७ वर आले. घट खरी आहे. पण २०२५ पर्यंत टीबी संपवण्याचे वचन त्यापेक्षा फार पुढचे होते आणि ते हुकले.

आपल्या समाजाबद्दलही बोलले पाहिजे, नाहीतर हे लिहिणे दुसऱ्याकडे बोट दाखवण्यापुरते राहील. राष्ट्रीय पाहणीत लक्षणे असलेल्यांपैकी ६४ टक्के लोक कुठेच उपचाराला गेले नव्हते. आपल्या मोहल्ल्यांत न जाण्याचे एक मोठे कारण मुलींची लग्ने हे आहे. कुर्ल्यातल्याच एका घरी मुलीच्या गोळ्या डाळीच्या डब्यात लपवलेल्या मी पाहिल्या आहेत, सासरच्यांना कळू नये म्हणून. टीबी बरा होतो. नियमित औषध सुरू झाल्यावर बहुतेकांपासून लागण होण्याचा धोका काही आठवड्यांत झपाट्याने कमी होतो. पण डब्यातल्या गोळ्या नियमित घेतल्या जात नाहीत. रमजानमध्ये तर कितीजण सकाळची औषधे सोडून देतात. आजाऱ्याला रोज्यातून सूट आहे, ही कुराणातलीच मुभा आहे. इमामांनी शाबानच्या शेवटच्या जुम्याला हे मिंबरवरून स्पष्ट सांगावे, अशी विनंती आम्ही काही मशिदींना केली. चार ठिकाणी सांगितले गेले. दोन ठिकाणी "यामुळे मोहल्ला बदनाम होईल" असे उत्तर मिळाले. २०२० च्या कोविडकाळात एका धार्मिक मेळाव्यावरून साऱ्या समाजाला रोगाचे वाहक ठरवले गेले, ती जखम ताजी आहे. मला तो नकार समजतो. पण बदनामीच्या भीतीने गप्प बसलो तर मरणारा पुन्हा तो जरीवालाच असणार.

मालकांनाही सोडता येणार नाही. कारखान्याची एक खिडकी उघडी ठेवणे, झोपायची जागा वेगळी करणे, आजारी कारागिराला तिकिटाऐवजी निक्षयचा क्रमांक आणि गावच्या केंद्राचा पत्ता देणे, यात फार पैसा जात नाही. दक्षिण आफ्रिकेत सोन्याच्या खाणींनी लेसोथोसारख्या शेजारी देशांतून आणलेल्या मजुरांना दशकानुदशके सिलिकोसिस आणि टीबी देऊन गावी परत पाठवले. तिथले खाणकामगार कोर्टात गेले आणि २०१९ मध्ये न्यायालयाने पाच अब्ज रँडच्या तडजोडीला मंजुरी दिली. रोग कुठून आला याचे उत्तर तिथे मजुराच्या गावात शोधले गेले नाही, मालकाच्या खाणीत शोधले गेले. आपल्याकडच्या जरी, बॅग आणि यंत्रमागाच्या कारखान्यांना अजून कुणी हा प्रश्न विचारलेला नाही.

भाचीचा एक्स-रे स्वच्छ निघाला. ती आता लेस्टरमध्ये सहाजणींबरोबर एका घरात राहते, त्यातल्या चारजणी भारतातून आणि पाकिस्तानातून आलेल्या. कुर्ल्याचा तो बॅगवाला पोरगा चौथ्या महिन्याच्या गोळ्या घेतो आहे. त्याच्या गाळ्यातल्या बाकीच्यांची तपासणी मेहुण्यांना सोबत घेऊनच करवली. दोघांना औषध सुरू करावे लागले. इमारतीत राहणाऱ्या, इथेच जन्मलेल्या एका आजोबांच्या छातीतही डाग निघाला. त्यांचा खोकला दीड वर्षापासूनचा होता.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे किंवा थुंकीतून रक्त : यातले काहीही असेल तर जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात बेडका तपासून घ्या. तपासणी आणि औषध फुकट आहे. निक्षयचा टोल-फ्री क्रमांक १८००-११-६६६६. गोवंडीतले आमचे मदत केंद्र दर शनिवारी असरनंतर उघडे असते. आधार कुठल्या जिल्ह्याचे आहे, हे तिथे विचारले जात नाही.